सिंहाचे वजन छापता, तर काटाही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गीरच्या सिंहांच्या गणतीचा निकाल लागला, किंवा १० ऑगस्टचा जागतिक सिंह दिन आला, की मराठी वर्तमानपत्रांत सिंहाचे वजन हमखास छापून येते. कुठे १९० किलो, कुठे २५०, कुठे थेट 'पाव टनाचा वनराज'. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणतीत गीर आणि भोवतालच्या जिल्ह्यांत ८९१ सिंह निघाले. २०२० साली ते ६७४ होते. हे सिंह मोजले कसे, असे लोक निदान विचारतात तरी. वजनाच्या आकड्याला मात्र कोणी हटकत नाही. तोलला कोणी, कशावर, आणि पोट भरलेले असताना की रिकामे असताना, हे बातमीत कधीच नसते.

गोव्यात रानटी सिंह नाही. आपला सिंह कदंबांच्या नाण्यांवर आणि आता कदंब बसच्या अंगावर. त्यामुळे हे पत्र गोमंतकीय वाचकाला जरा दूरचे वाटेल. पण जी अडचण गीरमध्ये सिंहाला तोलताना येते, तीच गोव्याच्या सत्तरी तालुक्यात बिबट्याला तोलताना येते. म्हणून थोडी जास्त जागा मागतो.

आधी खात्रीचे आकडे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात पूर्ण वाढलेल्या नराचे सरासरी वजन सुमारे १८८ किलो आणि मादीचे सुमारे १२४ किलो भरले. ही सरासरी अनेक जनावरे प्रत्यक्ष काट्यावर घेऊन काढलेली आहे, म्हणून तिला किंमत. गीरच्या नरासाठी सर्वसाधारणपणे १६० ते १९० आणि मादीसाठी ११० ते १२० किलो असे दिले जाते. याउलट विक्रमांच्या यादीत १९३६ साली ट्रान्सवालमधल्या हेक्टरस्प्रुटजवळ मारलेला ३१३ किलोंचा नर आहे. मूळ नोंद ६९० पौंडांची. तिचे किलो करून ३१३ झाले आणि तेवढ्यानेच तो आकडा अगदी अचूक असल्यासारखा दिसू लागला. इंग्लंडमधल्या कोलचेस्टर प्राणिसंग्रहालयातला सिंबा १९७० साली ३७५ किलोंचा होता. पण तो पिंजऱ्यात रोज आयते खाणारा प्राणी. समाजमाध्यमांवर फिरणारे ३०० किलोंच्या वरचे बहुतेक आकडे असे बंदिवासातले तरी असतात, नाहीतर शिकारी जमान्यातले.

आता मूळ दुखण्याकडे येतो, ते म्हणजे पोट. सिंह रोज जेवत नाही. मिळाले की अधाशासारखा खातो आणि मग दोन-तीन दिवस पडून राहतो. टांझानियातल्या सेरेंगेटीत प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी एका नराने एका रात्रीत अंदाजे ३३ किलो मांस खाल्ल्याची नोंद केली आहे. म्हणजे उपाशीपोटी १७० किलो भरणारा नर दुसऱ्या दिवशी सकाळी २०० च्या घरात जाऊ शकतो, आणि काटा दोन्ही वेळा खराच बोलत असतो. खाणपट्ट्यातल्या वाचकांना हे लगेच पटेल. खनिजाचा सौदा ओल्या टनावर होत नाही, ओलावा वजा करून कोरड्या टनावर होतो. पावसाळ्यात भरलेला ट्रक कितीही जड भरो, खरेदीदार ओलाव्याचे पैसे मोजत नाही. सिंहाच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत ओला टन छापतो.

पोटातला माल वजा कसा करायचा? मेलेल्या जनावराचे सोपे आहे. जठर उघडायचे, आतले अन्न वेगळे तोलायचे, एकूण वजनातून वजा करायचे आणि दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. जिवंत जनावराच्या पोटाच्या आकाराला गुण द्यावे लागतात. सेरेंगेटीत १९७० च्या दशकात ब्रायन बर्ट्राम यांनी १ ते ५ अशी श्रेणी वापरली आणि ती पुढच्या अभ्यासकांनीही चालवली. बाजूने पाहायचे, प्राणी उभा असताना पाहायचे, आणि पोटाची रेघ बरगड्यांच्या खाली किती उतरली आहे की आत ओढली आहे, ते नोंदवायचे. बसलेल्या किंवा कुशीवर झोपलेल्या सिंहाला गुण देऊ नयेत, कारण त्याचे पोट नेहमीच पसरलेले दिसते. गाभण मादीचे वेगळे. गर्भकाळ सुमारे ११० दिवसांचा असतो, आणि शेवटच्या आठवड्यांत पोट भरलेले आहे की गाभण आहे, हे नुसत्या नजरेला ठरवता येत नाही. अशा मादीचे वजन सरासरीत धरूच नये.

यात आणखी एक मेख आहे. आफ्रिकेत सिंहाला भूल देण्यासाठी बहुधा आमिष लावतात. मेलेले जनावर झाडाला साखळीने बांधतात, रात्री रेड्याच्या पारडाच्या आर्त हंबरण्याचे ध्वनिमुद्रण वाजवतात, सिंह येतात, खायला लागतात, आणि खाण्यात गुंग झाले की डार्ट मारतात. पद्धत उत्तम, पण तोलताना प्रत्येकाच्या पोटात आमिषाचे मांस असते. शिवाय कळपात मोठा नर आधी आणि जास्त खातो. म्हणजे फुगवटा सगळ्यांना सारखाही नसतो. उलट दिशेचाही घोटाळा होतो. झायलाझिन आणि मेडेटोमिडिन ही भुलीची औषधे मार्जारवर्गात उलटी करवतात. डार्ट लागल्यावर सिंहाने झुडपात जाऊन ओकले, तर काही किलो तिथेच गेले आणि ते कोणाच्या ध्यानीही आले नाही. म्हणून 'उलटी झाली का' हा रकाना नोंदवहीत लागतो.

डार्टचीच गोष्ट निघाली आहे तर एक चक्र समजून घ्यावे. औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि वजन कळायला आधी औषध द्यावे लागते. म्हणजे पहिला आकडा नेहमी डोळ्यांनी काढलेला. १९० किलोंचा नर १३० चा समजला तर औषध जवळपास एक तृतीयांशाने कमी पडते. प्राणी अर्धवट गुंगीत चालत राहतो, अंग तापते, माणसांनाही धोका. मादीला नराएवढी मात्रा गेली तर उठायला तासन्‌तास लागतात. टिलेटामिन-झोलाझेपाम ही भुलीच्या औषधांची जोडी सिंहासाठी भरवशाची मानतात, कारण तिची सुरक्षिततेची मर्यादा मोठी आहे आणि चुकीचा अंदाज ती बऱ्यापैकी सोसते. मात्र टिलेटामिनवर उतारा नाही. झायलाझिन-केटामिनमध्ये झायलाझिनवर योहिम्बिन किंवा अटिपामेझोलचा उतारा देता येतो. केटामिनचा अंमल आपोआप ओसरेपर्यंत थांबावे लागते. हे सगळे एवढ्यासाठी लिहिले की, तोलण्याला मिळणारा वेळ फार थोडा असतो. डोळ्यांत मलम, डोळ्यांवर पट्टी, दर पाच मिनिटांनी तापमान आणि श्वास, रक्ताचे नमुने, जखमांवर उपचार, गळ्यात रेडिओ कॉलर, या रांगेत वजनाचा नंबर शेवटी लागतो. गुदद्वारातील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेले की सगळे सोडून अंगावर पाणी ओतावे लागते. तिथे आकड्यापेक्षा जीव मोठा, यात वाद नाही. पण पाणी ओतल्यानंतर तोलले असेल तर तसे लिहा. भिजलेली आयाळ, अंगावरचा चिखल आणि खालची ओली ताडपत्री मिळून फरक ग्रॅमांत नाही, किलोंत पडतो.

प्रत्यक्ष तोलताना काय लागते आणि काय चुकते, ते नीट सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त गफलती इथेच होतात.

काटा किमान ३०० किलोंचा, शक्यतो ५०० किलोंचा हवा. नेपाळच्या चितवनमध्ये वाघांना तोलताना ५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे २२७ किलोंचा काटा एका मोठ्या नराने तळाला टेकवला होता. काटा टेकला की पुढचा आकडा अंदाजाचाच. दुसरे टोकही वाईट. दोन टनांच्या क्रेन-काट्यावर छावा लटकवला तर तो एक-दोन किलोंच्या टप्प्याने बोलणार. आता मिळणारे ५०० किलोंचे टांगते डिजिटल काटे २०० ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतात. पण दशांशात आकडा दिसला म्हणजे तो दशांशापर्यंत बरोबर असतो, असे नाही. स्प्रिंग जुनी झाली की ढिली पडते, डिजिटल काट्यातला भार टिपणारा लोडसेलही तापमानाने सरकतो. दुकानदाराच्या काट्यावर दर वर्षी सरकारी शिक्का बसतो. रानात नेल्या जाणाऱ्या काट्याचे काय, हे विचारावे. मोहिमेला निघण्यापूर्वी शिक्क्याची २० किलोंची वजने टांगून १००, १६० आणि २०० किलोंवर काटा तपासावा आणि जो पासंग निघेल तो लिहून ठेवावा. काम आटोपल्यावर काटा रिकामा करून तो शून्यावर परत येतो का, तेही पाहावे. आला नाही, तर त्या दिवसाचे सगळे आकडे संशयित. (गुरुत्वाकर्षणाची काळजी करणाऱ्यांसाठी: पणजीत जुळवलेला काटा जुनागढला नेला तर १९० किलोंमागे साठ-सत्तर ग्रॅमांचा फरक पडेल. ती काळजी सोडून द्यावी.)

मग धडा, म्हणजे सिंहाबरोबर काट्यावर टांगलेल्या सामानाचे वजन. स्ट्रेचर म्हणून साधारण दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद जाड ताडपत्री किंवा जाळे, कडांना कड्या, दोर, हूक, कधी आडवा लोखंडी नळ. हे सगळे मिळून दहा-बारा किलो सहज होतात. याचे वजन लोक आधी करतात आणि तेच वजा करतात. पण तोवर ताडपत्रीवर लघवी, रक्त, माती आणि पाणी जमलेले असते. म्हणून धडा नंतरही तोलावा आणि नंतरचाच वजा करावा. गळ्यात रेडिओ कॉलर असेल तर किलो-दीड किलो तीही वजा. नवी कॉलर घालण्याआधी तोलले की घातल्यावर, हे न लिहिल्याने नंतर कागद चाळणाऱ्याच्या डोक्याला ताप होतो.

टांगायचे कशाला? जाडजूड फांदी जवळ असेल तर ठीक. नसेल तर तीन मीटरच्या तीन लोखंडी नळांची तिवई आणि एक टनी चेनपुली. उंची कमी पडली तर ताडपत्री झोळीसारखी खाली येते आणि सिंहाची शेपटी किंवा मागचा पंजा जमिनीला टेकतो. जमीन जेवढे वजन उचलते तेवढे काट्यावर कमी दिसते. कोणी डोके सावरून धरले, कोणी दोर खेचून झुलणे थांबवले, तरी तेच. आकडा वाचताना सगळ्यांचे हात बाजूला हवेत, एकाने फक्त प्राण्याच्या नाकातोंडाकडे पाहावे. प्राण्याला कुशीवरच ठेवावे. पाठीवर टांगले तर पोटातला माल श्वासपटलावर दाबला जातो, आणि भरल्या पोटी असेल तर अन्न घशात येण्याची भीती. श्वासाबरोबर काटा हलतो. तीन वाचने घ्यावीत, एक नव्हे. आणि आकडा मोठ्याने बोलून दुसऱ्याने लिहावा. ज्याने अंदाज बांधला होता त्यानेच काटा वाचला, की काटा अंदाजाजवळच थांबतो.

मोठा काटा नसेल तर काही ठिकाणी दीडशे-दीडशे किलोंचे दोन काटे आडव्या नळाच्या दोन टोकांना लावतात आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करतात. हे चालते, पण दोर अगदी उभे असतील तरच. दोर उभ्या रेषेपासून २० अंश तिरके गेले, तर १९० किलोंचा सिंह २०२ भरतो. ३० अंशांवर तोच २१९ होतो. यात काट्याचा काहीच दोष नसतो. तिरका दोर वजनाबरोबर आडवा ताणही पेलतो आणि काटा दोन्हींची मिळून ओढ दाखवतो. माणसांच्या खांद्यावरचा बांबू वापरला की दोर तिरके होतातच, कारण माणसे चढावर-उतारावर उभी असतात. त्यापेक्षा गुरे तोलण्याचे दोन लोडबार, म्हणजे भार टिपणाऱ्या पट्ट्या, जमिनीवर ठेवून त्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा जाड प्लायवूडचा पाट टाकणे कधीही बरे. फक्त जमीन सपाट करून घ्यावी, आणि पाटाच्या बाहेर शेपटी लोंबू देऊ नये.

भारतात बरीच वजने पिंजऱ्यासकट घेतली जातात. सापळ्यात आलेला सिंह पिंजऱ्यातच ठेवून गाडी वजनकाट्यावर नेतात, मग रिकामी गाडी परत आणून वजाबाकी करतात. ट्रकच्या वजनकाट्याचा टप्पा दहा किंवा वीस किलोंचा असतो. दोन वाचनांची वजाबाकी म्हणजे दोन्हींच्या चुका एकत्र. वीस किलोंच्या टप्प्यावर ११५ किलोंची मादी १०० ही भरू शकते आणि १२० ही. त्यात मधल्या वेळात चालक उतरला, डिझेल जळले, पिंजऱ्यात पाण्याचे भांडे राहून गेले. असा आकडा नोंदवायला हरकत नाही, पण त्यापुढे '± २०' लिहायला हवे. तेवढे लिहिले जात नाही आणि पुढच्या नोंदीत तो 'तोललेले वजन' म्हणून चढतो.

लांबीचे प्रकरण तर आणखी जुने. ब्रिटिश काळातल्या शिकाऱ्यांत यावरून भांडणे होत. एक रीत अशी: प्राणी सरळ ताणून झोपवायचा, नाकाच्या टोकाशी आणि शेपटीच्या टोकाशी जमिनीत खुंटी मारायची, प्राणी बाजूला काढायचा आणि दोन खुंट्यांमधले सरळ अंतर मोजायचे. दुसरी रीत: टेप नाकापासून कपाळावरून, मानेवरून, पाठीच्या वळणांवरून शेपटीपर्यंत अंगाला चिकटवत न्यायची. दुसरी लांबी नेहमीच जास्त येते. वाघांत हा फरक पाच ते पंधरा सेंटिमीटरांचा पडत असे; सिंहाच्या नरात आयाळीवरून टेप नेली तर आणखी वाढवता येतो. आशियाई सिंहाची विक्रमी लांबी शेपटीसह २.९२ मीटर मानतात. दक्षिण अंगोलात मुकुसोजवळ १९७३ साली मारलेल्या आफ्रिकी नराची लांबी ३.३५ मीटर सांगतात. दोन्ही एकाच रीतीने मोजले होते का, याची खात्री नसताना 'आफ्रिकी सिंह इतका लांब' असे तुलनेचे वाक्य लिहिण्यात अर्थ नाही. कातड्याची लांबी तर पुराव्यातच धरू नये. ओले कातडे खिळे ठोकून ताणले की हवे तेवढे वाढते.

शेपटीचे टोक म्हणजे शेवटच्या मणक्याचे टोक, केसांचा झुपका नव्हे. झुपका बोटांनी दाबून मणका चाचपावा. शेपटीचे बूड सापडत नसेल तर शेपटी पाठीशी काटकोनात उभी करावी. जिथे घडी पडते ते बूड. डोके-धड आणि शेपटी वेगवेगळे मोजून ठेवावे, कारण लढाईत तुटलेल्या शेपटीचे सिंह काही दुर्मिळ नाहीत. सरळ मापाला पोलादी टेप, घेराला न ताणणारी फायबरची. शिंप्याची कापडी टेप वर्षभरात ताणून लांब होते, म्हणजे मापे आखूड येतात.

छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, श्वास सोडल्यावर. हे माप मोलाचे, कारण त्याचा वजनाशी चांगला मेळ बसतो आणि काटा नसलेल्या ठिकाणी त्यावरून वजन काढता येते. पण टेप किती आवळायची यावर ते अवलंबून असते. टेपच्या टोकाला छोटा स्प्रिंग काटा लावून दर वेळी एकच ओढ द्यावी, तीनदा मोजावे, आणि दर वेळी टेप पूर्ण काढून पुन्हा लावावी. मानेचा घेर आयाळ वर करून, कानांच्या मागे. आयाळीवरून घेतलेले मानेचे माप कॉलरच्याही कामाचे नसते. सैल कॉलर पुढचा पंजा अडकवते, घट्ट कॉलर वाढत्या नराचा गळा कापते.

खांद्याची उंची जिवंत उभ्या सिंहाची आणि झोपवलेल्या सिंहाची एक नसते. उभा असताना धडाचा भार पायांवर येतो आणि खवाटे पाठीच्या रेषेच्या वर उठतात. कुशीवर झोपवल्यावर भार जातो आणि पाय ताणता येतो. पंजा सरळ रेषेत ओढला तर काही सेंटिमीटर फुकटात मिळतात. म्हणून पंजा उभ्या सिंहासारखा काटकोनात वळवून गादीखाली लाकडी ठोकळा धरावा, दुसरा ठोकळा खवाट्याच्या वरच्या कडेला, आणि दोन ठोकळ्यांमधले अंतर घ्यावे. सुळे व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या सरकत्या पट्टीने), हिरडीपासून टोकापर्यंत. झिजलेले किंवा तुटलेले असतील तर तसे लिहून. कवटी सगळ्यांत प्रामाणिक. तिला ना पोट, ना आयाळ, ना श्वास.

छायाचित्रावरून मोजण्याचे प्रयत्न आता बरेच होतात. कॅमेऱ्याला दहा सेंटिमीटरच्या अंतरावर दोन समांतर लेझर बसवतात, प्राण्याच्या अंगावर पडलेले दोन ठिपके हीच मोजपट्टी. किंवा अंतरमापकाने अंतर घेऊन लेन्सच्या हिशेबाने लांबी काढतात. प्राण्याला हात लावावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण सिंह कॅमेऱ्याला अगदी आडवा उभा हवा. १० अंश वळला तर लांबी दीड टक्क्याने कमी भासते, २० अंश वळला तर सहा टक्क्यांनी. ३० मीटरवर अंतरमापक एक मीटर चुकला तर लांबीत साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर चूक होते. वजन मात्र लांबीच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून तीच चूक वजनात दहा टक्क्यांची होते. पुढे बसलेला मेलेला सिंह आणि मागे चार हात सरकून बसलेला शिकारी, अशा फोटोवरून वजन काढणाऱ्यांविषयी काही लिहीत नाही.

आता कोणते सिंह तोलले जातात, हेही पाहा. आपल्याकडे सिंह वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही, आणि निव्वळ वजन करण्यासाठी कोणी भूल देणारही नाही, देऊ नये. म्हणजे काट्यावर येतात ते आजारी, जखमी, विहिरीत पडलेले, गावात शिरलेले, किंवा कॉलरसाठी निवडलेले. २०१८ साली गीरच्या दलखाणिया रेंजमध्ये २३ सिंह दगावले तेव्हा अनेक सिंह पकडून अलग ठेवावे लागले. अशा जनावरांची वजने उपचारासाठी हवीतच. पण त्यांची सरासरी म्हणजे 'गीरच्या सिंहाचे वजन' नव्हे. आफ्रिकेतल्या शिकारी नोंदींत नेमके उलटे: मोठा दिसला म्हणूनच मारला. एकीकडे खाली झुकलेली यादी, दुसरीकडे वर झुकलेली, आणि आपण दोन्हींची तुलना करून गीरचा सिंह आफ्रिकी सिंहाहून किती लहान ते सांगतो. लहान आहे, हे बहुधा खरेच. किती, ते या आकड्यांवरून सांगता येत नाही. त्यात वयाचा प्रश्न. नर तीन-चार वर्षांचा झाला की 'पूर्ण वाढलेला' म्हणून लिहितात, पण त्याचे अंग त्यानंतरही काही वर्षे भरत राहते. चार वर्षांचा आणि सात वर्षांचा नर एका रकान्यात टाकले की सरासरी कोणाचीच राहत नाही.

गोव्यापुरते सांगायचे तर म्हादई, नेत्रावळी, मोले आणि खोतीगावच्या पट्ट्यात बिबटा आहे, वाघाचीही ये-जा आहे. रानडुकरांसाठी लावलेल्या फाशात, उघड्या विहिरीत बिबटे सापडतात आणि त्यांना भूल द्यावी लागते. २०२० च्या जानेवारीत सत्तरीत गोळावली येथे चार वाघ मृतावस्थेत आढळले. अशा वेळी धावपळ असते. कागद आधीच तयार नसेल तर मापे राहून जातात किंवा अंदाजपंचे लिहिली जातात. बिबट्यात चूक जास्त बोचते. ५० किलोंच्या प्राण्यात दहा किलोंची चूक म्हणजे वीस टक्के, आणि औषधाची मात्रा त्याच हिशेबाने चुकते. रात्रभर फाशात तडफडलेल्या बिबट्याच्या अंगातले पाणीही कमी झालेले असते, तेव्हा वजनाबरोबर 'किती वेळ अडकला होता' हेही हवे. शव दोन-तीन दिवसांचे असेल तर पोट वायूने फुगते, घेर खोटा होतो आणि वजनालाही अर्थ राहत नाही. पण डोके-धडाची लांबी, शेपटी, कवटी आणि सुळे तेव्हाही खरे बोलतात. शव तुकड्यांत तोलावे लागले तर सांडलेले रक्त आणि द्रव हिशेबात धरावे. जिवंत मार्जारांत रक्तच शरीराच्या सहा-सात टक्क्यांच्या आसपास असते.

आमची मागणी दोन ठिकाणी आहे. राज्याच्या वनखात्याने बचाव पथकाच्या गाडीत ५०० किलोंचा एक आणि १०० किलोंचा एक असे दोन तपासलेले टांगते काटे, पोलादी टेप, व्हर्नियर आणि एक पानाचा छापील तक्ता ठेवावा. तक्त्यात एवढे रकाने पुरे: काट्याची क्षमता आणि तपासणीची तारीख, एकूण वजन, तीन वाचने, नंतर घेतलेला धडा, पोटाचे गुण, उलटी, अंग ओले की कोरडे, कॉलर, लांबी खुंटीने की वळणाने, घेर, तीन वाचने, वयाचा अंदाज कशावरून. भरायला दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि ते प्राणी भुलीत असतानाच भरावे लागतात, कार्यालयात परतल्यावर नव्हे.

दुसरी मागणी आपल्याकडे. बातमीत वजन आले तर त्यापुढे 'तोलून' किंवा 'अंदाजे' यांपैकी एक शब्द छापावा. तोलून असेल तर पोट भरलेले होते का, आणि गाडीच्या वजनकाट्यावर की टांगून, हे वार्ताहराने विचारावे. परदेशी बातमीतले पौंड किलोंत बदलताना मूळ आकडा गोल असेल तर किलोही गोलच ठेवावेत. '५०० पौंडांचा सिंह' ही बातमी '२२६.८ किलो' म्हणून छापली की कोणीतरी तो ग्रॅमपर्यंत तोलला असे वाचकाला वाटते. आणि उत्तर मिळालेच नाही, तर वजन गाळून बातमी छापायला काहीच हरकत नसावी.

आपले,
वन्यप्राणी-वैद्यक आणि मोजमापाच्या कामाशी संबंधित काही वाचक
फोंडा – वाळपई